बेज लेदर सीट, कोकणातला पावसाळा आणि खोबरेल: सीट कशा वाचवायच्या?

कातळसडा
नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. दीड वर्षापूर्वी आठ वर्षं वापरलेली एक सेडान घेतली. आतून बेज रंगाच्या लेदर सीट आहेत आणि खरं सांगायचं तर त्या सीट बघूनच मी गाडी पसंत केली होती.

यंदा जुलैत बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी तीन आठवडे शेडमध्ये उभी राहिली. नंतर दार उघडलं तर कुबट वासाचा भपकारा आला. ड्रायव्हरच्या सीटवर, स्टीअरिंगवर, अगदी सीटबेल्टवरसुद्धा पांढरट-हिरवी बुरशी. मी ऑफिसात असताना बाबांनी सगळ्या सीट पुसल्या आणि वरून खोबरेल चोळलं. त्यांनी आयुष्यभर आपल्या चपला अशाच सांभाळल्या आहेत. दोन दिवस सीट नव्यासारख्या चमकल्या. आता हात लावला की चिकट लागतं, त्यावर धूळ बसून बेजचा मातकट रंग झालाय आणि शिवणीच्या कडेने बुरशी परत डोकं वर काढतेय. त्यात माझ्या जीन्सचा निळा रंग बसायच्या जागेवर उतरलाय, तो वेगळाच.

बाबांना फार लागून राहिलंय. सीट खराब झाल्या आहेत की अजून वाचतील? काय लावू, काय लावू नको, हे कुणी नीट सांगेल का?

करवंदाची_जाळी
ताई, आमच्याकडे चिपळूणला दर पावसाळ्यात हेच. ऊन पडलं की चारही दारं उघडून ठेवतो. बाकी जाणकार सांगतीलच. चर्चेच्या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

जुना_कारागीर
ताई, गाडीच्या सीटांची कामं करता करता मला पंचवीस वर्षं झाली, दुकान कोल्हापुरात आहे. पहिलं म्हणजे बाबांना सांगा, सीटा वाया गेलेल्या नाहीत. चपलेला तेल द्यायचं हे त्यांचं बरोबरच आहे. फक्त चपलेचं कातडं आणि सीटचं कातडं यांत फरक आहे, तो एकदा समजला की पुढचं सगळं आपोआप कळतं.

कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची. वर रंगाचा थर नाही. तेल दिलं की मुरतं, कातडं मऊ पडतं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा थर देतात आणि त्याच्यावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पारदर्शक थर. म्हणजे तुम्ही सीटवर बसता तेव्हा कातड्यावर बसतच नाही, रंगावर बसता. तेल त्या थरातून खाली उतरत नाही. थोडं शिवणीच्या भोकांतून आणि सुरकुत्यांतल्या चिरांतून आत जातं, बाकीचं वरच राहतं. तिथे धूळ धरतं, काही महिन्यांनी खवट होतं.

म्हणून 'लेदरला खाऊ घाला' असं जे सगळीकडे सांगतात ते आपल्या गाडीच्या सीटला लागू नाही. खोबरेल, एरंडेल, ऑलिव्ह, जवस, काहीही नको. घोड्याच्या खोगिराचा साबणही नको, तो उघड्या, तेल मुरणाऱ्या कातड्यासाठी आहे. सीटला दोनच गोष्टी लागतात: वरचा थर स्वच्छ ठेवणं आणि तो घासून जाऊ न देणं.

खात्री करायची असेल तर सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर गोल राहिला तर थर शाबूत आहे. गडद डाग पडून मुरला तर तिथला थर गेलाय, किंवा ते मुळातच उघडं कातडं आहे. महागड्या गाड्यांत क्वचित असतं तसं. अशा ठिकाणी पाणी कमीत कमी वापरायचं.

साफ करताना आधी व्हॅक्यूम, शिवणींत बारीक तोंड लावून. मग पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही असा लेदर क्लीनर. तो सीटवर फवारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. ब्रश घोड्याच्या केसांचा किंवा तितकाच मऊ. हाताच्या पंजाएवढा भाग घ्या, हलक्या हाताने गोल फिरवा, फेस मळका झाला की तो वाळायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्या. टिपून, घासून नव्हे. फेस वाळला तर मळ परत जागेवर बसतो. मग साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा आणि शेवटी कोरडं. तेल बसलंय म्हणून तुम्हाला हे दोन-तीन वेळा करावं लागेल. एकदाच जोर लावून घासू नका.

प्रयोगवही
कारागीरदादांनी पीएचचा विषय काढला म्हणून लिहिते. मी शाळेत विज्ञान शिकवते. कातडं स्वभावतः आम्लधर्मी असतं, कपड्यांचा साबण आणि पावडर चांगलीच अल्कधर्मी. वरचा थर शाबूत असेपर्यंत एखाद्या वेळी निभावतं, पण शिवणीतून आणि चिरांतून साबणाचं पाणी आत गेलं की कातडं हळूहळू कडक होत जातं.

बाटलीवर 'न्यूट्रल' लिहिलेलं खरं की नाही, हे घरी बघता येतं. हळद थोड्या पाण्यात कालवून टिपकागदाला लावा, सावलीत वाळवा. त्यावर क्लीनरचा थेंब टाका. कागद लाल-तपकिरी झाला तर ते द्रावण अल्कधर्मी, सीटला नको. पिवळाच राहिला तर निदान अल्काची भीती नाही. हा कागद आम्ल दाखवत नाही, स्पिरिटसारखे द्रावकही दाखवत नाही, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचायचाच आहे. मी घरातल्या सहा बाटल्यांवर करून पाहिलं. कपड्यांच्या पावडरीने कागद विटकरी झाला, केसांच्या शाम्पूने ढिम्म हलला नाही.

यावरून आठवलं. भाच्याच्या लग्नात हळद झाल्यावर तो तसाच आमच्या गाडीत बसला. करड्या सीटवर पिवळे पट्टे. कुणीतरी घाईने अंगाच्या साबणाने पुसलं आणि पट्टे लालभडक झाले. सगळे घाबरले. मी कापसावर पातळ केलेलं लिंबूपाणी घेऊन टिपलं तशी लाली उतरून परत पिवळं झालं, मग ओल्या फडक्याने पुसलं. राहिलेला पिवळेपणा उन्हाने घालवला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. काचेतून सकाळचं ऊन पडेल अशी गाडी चार दिवस लावली, एवढंच.

माडाची_झावळ
कातळसडा ताई, माझं राहणं सावंतवाडीला. माझा अनुभव ऐका आणि सीट साफ करण्याआधी हे करा: पायाखालची मॅट काढा आणि खालच्या कार्पेटमध्ये हाताची बोटं जोरात दाबून बघा.

मी दोन पावसाळे सीटवरची बुरशी पुसत राहिलो. ती परत यायची. शेवटी एका मेकॅनिकने डावीकडचं कार्पेट उचललं तर खालचा स्पंज पिळून पाणी निघेल इतका भिजलेला. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी मातीने बुजली होती आणि ते पाणी आत झिरपत होतं. ज्यांच्या गाडीला सनरूफ आहे त्यांनी त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या बघाव्यात, त्या पानांनी तुंबतात. दाराची रबरं बघावीत. गाडीच्या आत पाण्याचा साठा असेल तर वरून सीट कितीही पुसा, उपयोग नाही.

बुरशी काढताना गाडी मोकळ्यावर घ्या आणि तोंडाला मास्क बांधा. कोरड्या फडक्याने झटकू नका, तिची पूड उडून सगळ्या गाडीत पसरते. ओलसर फडक्याने उचलून घ्या, फडकं घडी बदलत वापरा आणि नंतर टाकून द्या. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, फडक्यावर घेऊन. आधी कोपऱ्यात लावून रंग सुटत नाही ना ते बघायचं. त्यानंतर कारागीरदादांनी सांगितलेली सफाई. एसीचा केबिन फिल्टर बदला, नाहीतर पंखा लावला की तेच बीज परत आत.

ओल शोषायला सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. रंग बदलणारे दाणे घेतले तर कधी तापवून वाळवायचे ते कळतं. कपाटात टांगतात त्या पाणी जमा होणाऱ्या पिशव्या गाडीत अजिबात नको. त्यात कॅल्शियम क्लोराईड असतं आणि जमणारं पाणी खारट. खड्ड्यात हिसका बसून ते सांडलं तर सीट आणि खालचा पत्रा दोन्ही जातात. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत, वासाने डोकं मात्र धरतं.

वऱ्हाडी_ऊन
आमच्या अकोल्यात उलटी तऱ्हा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे, उन्हात उभ्या गाडीत तर हात ठेववत नाही. इथे सीटला बुरशी नाही, तडे. रंगाचा थर उन्हाने कडक होतो, मग बसता-उठता जिथे घडी पडते तिथे तुटतो.

माझी जुनी गाडी अकरा वर्षांची आहे आणि सीट अजून चांगल्या आहेत. मी काय करतो? पुढच्या काचेला चंदेरी पडदा, रोज, कंटाळा न करता. आणि बसायच्या जागेवर पांढरा सुती पंचा पसरून ठेवतो. ऊन पंच्यावर पडतं, सीटवर नाही. संध्याकाळी बसताना चटकाही बसत नाही. बाजूच्या काचांना काळी फिल्म लावायचा मोह होतो, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाने काचेवर काळी फिल्म चिकटवायला मनाई केली. काचेतून पुढे-मागे निदान ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असा मोटार वाहन नियम आहे. काही लावायच्या आधी आजचा नियम काय ते बघून घ्या.

पेठेतला_वाडा
एक सावधगिरी माझ्याकडून. २०२०-२१ मध्ये आम्ही सगळेच हाताला सॅनिटायझर लावून स्टीअरिंग धरत होतो. वर्षभरात माझ्या लेदर स्टीअरिंगचा, हात ठेवायच्या जागेवरचा थर आधी चिकट झाला, मग पापुद्रे सुटले. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने रंग मऊ पडतो. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय स्टीअरिंग धरू नये, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ओली_पायवाट
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सीटवर बॉलपेनची रेघ उठली होती, ती मी सॅनिटायझरने पुसली आणि साफ गेली. मग वापरायला काय हरकत आहे?

जुना_कारागीर
ओली पायवाट, रेघ गेली हे खरं असेल. पण ती जागा आता तिरपा उजेड पाडून बघा. चकाकी शेजारच्या भागापेक्षा वेगळी दिसेल, कारण शाईसोबत वरच्या थराचाही थोडा भाग उतरला आहे. एकदा चालून गेलं, त्याच जागी दुसऱ्यांदा केलंत तर रंग उतरेल. शाई ताजी असताना न्यूट्रल क्लीनरने टिपून जितकी जाईल तितकी घालवावी. जुनी रेघ असेल तर तेवढ्या जागेला रंग देणं हाच सरळ मार्ग.

जीन्सच्या डागाचंही तसंच. नीळ सुताच्या बाहेरच्या बाजूलाच धरलेली असते, आत पुरती मुरत नाही, म्हणून घासली की सुटते. ताजी असताना क्लीनरने निघते. महिनोन्महिने राहिली की ती वरच्या थरात शिरते. तिथे लोक तो पांढरा 'जादूचा' स्पंज घासतात. तो म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपरच आहे. डाग जातो, थरही जातो, आणि पुढचा डाग दुप्पट वेगाने बसतो. फिकट रंगाच्या सीटा असतील तर नवी गडद जीन्स दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय घालून बसू नये.

निळी_खिडकी
दादा, आमची गाडी नवी आहे. माहितीपत्रकात 'लेदरेट' लिहिलंय आणि पुढच्या सीट हवा येणाऱ्या, भोकांच्या आहेत. तिला पण हेच सगळं करायचं का? आणि दुकानदार वरून सीट कव्हर घालायचा आग्रह करतोय.

जुना_कारागीर
लेदरेट म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या प्लास्टिकचा थर. कातडं नाहीच. ओळखायचं तर सीटच्या खाली, कापलेली कड दिसते तिथे बघा: कातड्याची कड तंतूंची, सुएडसारखी दिसते, लेदरेटच्या मागे विणलेलं कापड असतं. बऱ्याच 'लेदर' गाड्यांतही बसायची-टेकायची जागाच कातड्याची, बाजू आणि पाठ लेदरेटची असते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना हे पहिल्यांदा दुकानात कळतं.

सफाई तीच. पण लेदरेटसाठी कंडिशनरवर, म्हणजे कातडं मऊ ठेवायच्या क्रीमवर, पैसे घालू नका, त्याला तो घेताच येत नाही. पीयू दमट हवेत आतून फुटत जातो आणि मग पापुद्रे सुटतात. ते एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, तो भाग बदलावाच लागतो. कोकणात राहणाऱ्यांनी सीट ओली ठेवायची नाही, एवढं तरी पाळावं.

भोकांच्या सीटवर काहीही थेट फवारायचं नाही. पाणी आत गेलं तर खाली पंखा आहे, वायरिंग आहे, शेजारच्या सीटवर माणूस बसलाय की नाही ते ओळखणारा सेन्सर आहे. क्रीमही बोटाने चोपडायचं नाही, भोकं बुजतात. आधी व्हॅक्यूम, मग फडक्याला जेमतेम ओलावा.

कव्हरबद्दल मी माझ्याच धंद्याच्या विरुद्ध सांगतो. सीटच्या बाहेरच्या बाजूला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली असेल तर तुमची बाजूची एअरबॅग सीटमधून फुटून बाहेर येते. साधं जाड कव्हर घातलं तर ती अडते किंवा भलत्या दिशेला उघडते. तिथली शिवण उसवेल अशा बेताने बनवलेलं, त्याच गाडीचं कव्हर मिळत असेल तर घाला, नाहीतर नको. आणि हवा येणाऱ्या सीटवर कव्हर घातलं तर ती हवा कुणाला लागणार?

कातळसडा
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी उघडीप मिळाली. बाबा आणि मी मिळून काम केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कार्पेट दाबून पाहिलं. मागे डावीकडे ओलं होतं. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सुटलंय, ते उद्या बदलतेय. झावळदादा, हे तुमच्यामुळे सापडलं.

मग हळदीचा कागद. घरात होता तो 'सर्व पृष्ठभागांसाठी'चा स्प्रे टाकला तर कागद लगेच लाल. बाबा म्हणाले, "हाच मी आधी फवारला होता." नवीन आणलेल्या लेदर क्लीनरने कागद पिवळाच राहिला. तेव्हापासून ब्रश बाबांनी हातात घेतला तो सोडलाच नाही.

बुरशी टिपून झाल्यावर ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर पहिला पंजाएवढा भाग घेतला. फेस पांढरा निघाला आणि बघता बघता चहासारखा झाला. फडकं लावलं तर त्यावर तपकिरी तेलकट डाग, खोबरेलाचा जुना वास. दुसऱ्या वेळी फेस फिका पडला, तिसऱ्या वेळी पांढरा राहिला. आणि खालून जो रंग वर आला तो मी गाडी घेतली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता! सगळ्यात जास्त मळ डोकं टेकायच्या जागी होता, केसांचं तेल. तिथे पाच वेळा करावं लागलं. एका सीटला सव्वा तास गेला. हात लावला तर आता चिकटपणा नाही, चकाकीही नाही, नुसता मऊ मॅट स्पर्श. आधी मला वाटलं काहीतरी राहिलं, मग कळलं की लेदर असंच असतं.

जीन्सचा निळेपणा बराच गेला, थोडी झाक आहे. ती राहू दे.

आता दोन प्रश्न उरले. ड्रायव्हरच्या दाराकडचा जो उंचवटा आहे, तिथे बारीक तडे आहेत आणि थेंब मुरतो. आणि आता वरून काय लावू?

जुना_कारागीर
वाचून समाधान वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

तो उंचवटा म्हणजे बोल्स्टर. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून चढतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक गाडीत उजवा बोल्स्टर पहिला जातो. त्यावर घासत सरकू नका. आधी सीटच्या मधोमध बसा आणि मग पाय आत घ्या. बाबांना गुडघ्यामुळे जमत नसेल तर वरचं हँडल धरून उतरू देत.

तड्यांचं काम करून घेता येतं. ती जागा स्पिरिटने तेलमुक्त करतात, हलकं घासतात, लवचीक फिलर भरतात, मग सीटच्या रंगाशी जुळवलेला रंग पातळ थरांत फवारतात आणि वर टॉपकोट, म्हणजे तो पारदर्शक थर. चार-पाच तासांचं काम. कारागिराला खोबरेलाबद्दल आधीच सांगा, तेलावर रंग धरत नाही. आणि तोपर्यंत डॅशबोर्डला लावतात ते सिलिकॉनचं चमकदार पॉलिश सीटवर येऊ देऊ नका. त्याच्यावरही रंग धरत नाही, शिवाय ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो.

संरक्षणासाठी पाण्यावर आधारलेलं लेदर प्रोटेक्शन क्रीम. सीट पूर्ण कोरडी असताना, स्पंजवर वाटाण्याएवढं घेऊन पातळ लावा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर बसू नका. वर्षातून दोनदा: पावसाळ्याच्या आधी मे अखेरीस आणि दिवाळीच्या सुमारास. सिरॅमिक कोटिंगही मिळतं. फिकट सीटला जीन्सच्या रंगापासून त्याचा खरंच फायदा होतो, पण घासल्या जाणाऱ्या जागी ते आधी संपतं, तेव्हा एकदा लावून कायमचं झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा दर पंधरवड्याला ओलसर फडकं आणि तीन महिन्यांनी क्लीनर, हे जास्त कामाचं. सुरकुतीत बसलेली धूळच थर कापत असते.

करवंदाची_जाळी
मी आज आमच्या गाडीचं कार्पेट दाबून आलो. कोरडं आहे, जीव भांड्यात पडला. पण कातळसडा ताई, बेल्टच्या बुरशीचं काय केलंत? आमच्याकडे तीच डोकेदुखी आहे.

माडाची_झावळ
बेल्ट संपूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत. वर आत जातो तिथे कपड्याच्या चिमट्याने अडकवा, म्हणजे परत गुंडाळला जाणार नाही. कोमट पाण्यात सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. ब्लीच, स्पिरिट काही नाही. धाग्यांची ताकद जाते आणि अपघातात तोच बेल्ट आपल्याला धरणार असतो. स्वच्छ फडक्याने टिपा आणि पूर्ण वाळेपर्यंत चिमटा काढू नका. ओला आत गेला तर आठ दिवसांत बुरशी परत.

कातळसडा
हे वाचून लगेच खाली जाऊन दोन्ही पुढचे बेल्ट धुतले. चिमटे लावलेत. बाहेर परत पाऊस सुरू झालाय, म्हणून बाबांनी पडवीतून वायर ओढून टेबल फॅन गाडीच्या दाराशी लावून ठेवलाय आणि दर तासाला बेल्टला हात लावून बघतायत. वाळले की चिमटे काढतो. उजव्या बोल्स्टरचं काम झालं की आधीचे आणि नंतरचे फोटो इथेच टाकेन.